काकांची मिशी

मनवेलपाड्यातल्या आमच्या सोसायटीला साजरं करायला काहीही चालतं. मागे पाण्याची नवी टाकी बसली तेव्हा पेढे वाटले होते. त्यामुळे यंदा जूनमध्ये ग्रुपवर मेसेज आला की रविवारी फादर्स डे आहे, प्रत्येक घराने वडिलांचा एक स्पष्ट फोटो पाठवावा, संध्याकाळी खाली हॉलमध्ये पडद्यावर दाखवू, तेव्हा मला नवल वाटलं नाही. राग मात्र आला. मी दीड वर्षाची असताना माझे वडील वाडीतल्या विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि शॉक लागून तिथेच गेले. बापाचा केक, बापाचा टीशर्ट, बापासोबत सेल्फी, हे सगळं मी जन्मभर बाहेरूनच बघत आले आहे.

"आपण नाही पाठवणार," मी म्हटलं.

माझी मुलगी अकरावीत आहे आणि वाद घालण्यात माझ्यावर गेली आहे. "का नाही? निर्मळच्या घरी आजोबांचा फोटो आहे ना? मी तर त्यांना कधी नीट बघितलंच नाहीये. कायम हारात बुडालेले."

ते खरं होतं. निर्मळचं घर म्हणजे माझं माहेर, आता काका-काकी राहतात तिथे. मागे केळी, तगर आणि सोनचाफ्याची वाडी. मधल्या खोलीत, मी जिथे अभ्यासाला बसायचे तिथे, भिंतीवर वडिलांचा फोटो. रोज सकाळी काका केळीच्या सोपटाच्या ओल्या दोऱ्यात स्वतः हार गुंफायचे आणि स्टुलावर चढून स्वतःच घालायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. हार इतका गच्च असायचा की काचेतून दोन डोळे, नाक आणि गुळगुळीत दाढी केलेली हनुवटी, एवढंच दिसायचं. त्या तेवढ्या चेहऱ्याला मी सगळं सांगत आले होते. परीक्षेला जाताना सांगून जायचे. लग्न ठरलं तेव्हा सांगितलं. आई गेली तेव्हा तर त्याच्यावर ओरडलेसुद्धा.

आई मात्र त्या फोटोकडे फिरकायची नाही. हार नाही, गंध नाही, नमस्कारही नाही. एकदा मी तिला तोंडावर विचारलं होतं, "तुला त्यांचं काहीच कसं वाटत नाही गं?" ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "नाय वाटत, जा." त्या एका वाक्यासाठी मी तिच्यावर शेवटपर्यंत डूख धरला.

मला वाढवलं काकांनी. सायकलच्या कॅरियरवर बसवून शाळेत नेणं, आणणं, पुस्तकांना कव्हरं घालणं, ताप आला की उशाशी बसणं, सगळं त्यांनी केलं. तरी काकांवरही माझा एक जुना राग होता. मी चौदा वर्षांची असताना आजी गेली. थोरला भाऊ आधीच गेलेला, म्हणून क्रियेला काका बसले. न्हाव्याने डोकं भादरलं आणि मिशीला हात घातला, तर काकांनी त्याचा हात धरला. "मिशी रव दे." आई गेल्यावर मिशी काढायची नाही म्हणजे काय? भटजी रागावले, चुलत्यांनी समजावलं, एक जण तर पानावरून उठून गेला. काका खाली मान घालून बसून राहिले, पण मिशी ठेवलीच. जन्मदात्या आईपेक्षा ह्या माणसाला ओठावरचे चार केस जास्त झाले, असं मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं. मला तेव्हा सगळंच लिहून ठेवायची खोड होती.

तर मुलीचा हट्ट. शनिवारी मी स्कूटर काढून निर्मळला गेले. काका वाडीत होते, काकी देवळात. मी स्टुलावर चढले आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने तो हार उतरवला. काच पुसली, मोबाइलवर फोटो काढला, हार होता तसा परत घातला. वडिलांच्या गळ्यात टाय होता. मला इतकी वर्षं ते माहीतच नव्हतं. केळीच्या वाडीतल्या माणसाला टाय कशाला, असं मनात आलं, आणि मी ते तिथेच सोडून दिलं.

घरी आल्यावर मुलीच्या हातात मोबाइल दिला. तो हल्ली फोटोंतली माणसं ओळखून त्यांचे आपोआप गठ्ठे करतो. थोड्या वेळाने मुलगी स्वयंपाकघरात आली. "आई, हा बघ काय विचारतोय." पडद्यावर शेजारी शेजारी दोन चेहरे होते. एक वडिलांचा. दुसरा काकांचा, तिच्या दहाव्या वाढदिवसाचा, मिशीला केक लागलेला. खाली प्रश्न होता, ही एकच व्यक्ती आहे का?

"सख्खे भाऊ आहेत, दिसणारच सारखे. नाही म्हण," मी म्हटलं आणि पोळी उलटली.

तिने नाही दाबलं. मोबाइलने काकांचा दुसरा फोटो शोधून परत तेच विचारलं. मी कणकेच्या हाताने स्वतः नाही दाबलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मुलीने वडिलांचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. "आई, ह्या कानाला काय झालंय?"

डाव्या कानाची पाळी खालून चिरलेली होती.

काकांना लहानपणी कानात बाळी होती. गाईच्या दाव्यात अडकून ती ओढली गेली आणि पाळी फाटली. तो कान मी दहा वर्षं सायकलच्या कॅरियरवरून बघितला आहे. पावसात त्यावरून पाणी दोन धारांनी गळायचं, ते बघत मी शाळेत जायचे. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कानाच्या बाबतीत माझी चूक होईल, त्या कानाच्या बाबतीत होणार नाही.

मी तिथेच लादीवर बसले. मुलगी आई, आई करत होती, तव्यावर पोळी जळत होती, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. जिवंत माणसाच्या फोटोला आम्ही रोज हार घालत होतो. मी त्याला नमस्कार करत होते आणि तो माणूस शेजारच्या खोलीत चहा पीत होता. आणि मग दुसरी गोष्ट आली, जी पहिलीपेक्षा वाईट होती. तो चेहरा जर काकांचा, तर माझा बाप कुठे आहे? माझ्याकडे त्याचं तेवढंच होतं.

रविवारी सकाळी मी निर्मळला पोचले तेव्हा काकी ओटीवर चाफ्याच्या कळ्या वेगळ्या करत बसली होती. मी चप्पलसुद्धा न काढता मोबाइल तिच्यापुढे धरला. "हा कोण आहे?"

काकीने चष्मा लावला. बघितलं. चष्मा काढून टोपलीत ठेवला.

"माजा नवरा," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती नाकबूल करेल, आणि मग मला भांडता येईल.

"बस," काकी म्हणाली. "तू चार वर्षांची व्हतीस. बालवाडीतून येऊन रोज इचारायचीस, माजा बाबा कसा दिसतो? आनि फोटो तर एक पन नव्हता. लग्नाचा आल्बम पान्यात गेला, घरात कमरेवर पानी व्हतं त्या साली. फोटो एकमेकांना चिकटले, सोडवायला गेले तर तोंडंच निघून आली. तू जेवेनास. मग ह्यांनी आपला पासपोर्टाचा फोटो दिला, मोठा करून आनला नि म्हनाले, हा बग तुजा बाबा. गल्फला जायचं व्हतं ना त्यांना, त्याच्यासाठी काडलेला. ते जानं पन रायलं. नि त्या दिवसापासून मिशी ठेवली."

"आणि तुला कोणी सांगितलं?"

"सांगतंय कोन? मी लग्न करून आले, दुसऱ्याच दिवशी वळखलं. नवी नवरी मी, हळद उतरली नव्हती, नि भिंतीवर माज्या नवऱ्याला हार. रडले मी. भांडले. तर हे म्हनाले, पोरीचा बाप हाय तो, काडू नको. मग नाय काडला. तुज्या आयेला तू बोललीस ना, हार घालत नाय म्हनून? जित्या दिराच्या फोटोला ती कशी गंध लावील?"

आई तांदूळ निवडतेय, मला दिसत होती. नाय वाटत, जा. तिने ते तसंच गिळलं होतं, माझ्यासाठी, आणि वर माझे टोमणे ऐकले होते. तिला सांगायला आता ती नव्हती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी त्या कळ्यांच्या टोपलीकडे बघत राहिले.

तेवढ्यात काका वाडीतून आले. डोक्यावर इरलं केल्यासारखं केळीचं पान, हातात तगरीचा ताजा हार. माझा चेहरा आणि काकीचा चेहरा बघून त्यांना कळलं. ते पान बाजूला ठेवून पायरीवर बसले.

आणि मी, चाळिशी उलटलेली बाई, त्यांच्यावर ओरडले. तू मला फसवलंस म्हटलं. माझा बाप चोरलास म्हटलं. तो कसा दिसायचा, हे मला आता मरेपर्यंत कळणार नाही म्हटलं. काका ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "माज्यापेक्षा काळा व्हता. बुटका. हसला की वरची हिरडी दिसायची, तुजी दिसते तशी. तू तोंडावर हात ठेवतेस, त्यो नाय ठेवायचा."

ह्यावर मी गप्प व्हायला हवं होतं. पण रागात माणूस थांबत नाही. "काढ ती मिशी," मी म्हटलं. "मला बघू दे मी कोणाला नमस्कार करत होते ते."

मला तसं खरंच करायचं नव्हतं. पण काका उठले, हार काकीच्या टोपलीत ठेवला आणि सायकल काढून गेले. काकीने कळ्या परत निवडायला घेतल्या आणि चांगल्या कळ्या वाईटात टाकू लागली.

अर्ध्या तासाने काका आले. वरचा ओठ पांढराफटक, बाकी चेहरा उन्हाने रापलेला. पण तोच चेहरा, भिंतीवरचा, म्हातारा झालेला. डोळे तेच, हनुवटी तीच. ज्याला मी सगळं सांगत आले तो पायरीवर उभा राहून घाम पुसत होता. चाळीस वर्षं गप्प राहिलेला फोटो बोलला.

"न्हावी इचारीत व्हता, कोन गेलं?" काका म्हणाले. "मी म्हटलं, भाऊस."

आईसाठी, सगळ्या भाऊबंदांसमोर, ज्याने मिशी दिली नाही, त्याने माझ्या एका शब्दावर ती दिली होती.

काकी उठून आत गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला. ती फोटो पोटाशी धरून बाहेर आली आणि मला म्हणाली, "हा आता माजा. खूप दिवस वापरलास." मग हसली आणि लगेच पदराने डोळे पुसले. आजचा हार काकांनी रिकाम्या खिळ्याला घातला. मी नमस्कार केला. समोर कोणताच चेहरा नव्हता.

दुपारी मुलीचा फोन आला, सोसायटीवाले विचारतायत, फोटो पाठवायचा का. मी काकांना ओटीवर बसवून एक फोटो काढला. ते कॅमेऱ्यासमोर नेहमीसारखे अवघडले, हात सारखा उघड्या ओठाकडे जात होता. फोटो निघाला तसा मोबाइलने भिंतीवरचा जुना चेहरा त्याच्या शेजारी आणून ठेवला आणि पुन्हा विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का?

मी हो दाबलं. मग त्याने नाव विचारलं, आणि मी बाबा असं लिहिलं.