पापडखाराने फुटलेलं पाणी

कम्युनिटीतल्या मास्तरांनो, आज माझी फजिती झाली आणि फार बरं झालं!

सिरोंच्याच्या शाळेत पाण्यातून हायड्रोजन काढून दाखवत होते. टॉर्चच्या जुन्या सेलांतल्या कार्बनच्या कांड्या बॅटरीला जोडल्या. डिस्टिल्ड पाणी मुद्दाम गॅरेजमधून आणलं. त्यात कांड्या बुडवून ऋण टोकाच्या कांडीवर पाण्याने भरलेली काचेची नळी उपडी धरली. शपथेला बुडबुडा नाही!

खिचडी शिजवणाऱ्या शांताबाई दारातून म्हणाल्या, "खाराशिवाय पापड नाई फुलत मॅडम, पाणी काऊन फुलंल?"

शुद्ध पाण्यातून वीज जात नाही, हे मीच शिकवते! त्यांनी दारातूनच पापडखाराची पुडी पुढे केली, मी चमचाभर टाकला. कांड्यांवर बुडबुडेच बुडबुडे. थोड्या वेळाने नळीच्या तोंडाशी पेटती काडी नेली, 'फट्' झालं! पोरं नाचली.

आभार मानताना लक्षात आलं, चार वर्षं बाई दारातूनच प्रयोग बघतात. "आत या" मी आज पहिल्यांदा म्हटलं.

तुमच्या दारात कोण उभं आहे?