मोबाईलवरची मूठमाती

त्या दिवशी खोलीत आम्ही तिघी होतो. खाटेवर मी, बाजूले माही सून, आन शेजारची काकू. मोबाईलात आमचे पास्टर, माहा पोरगा, चर्चची मानसं, आन पेटीत आमचा बुढा.

मी मोरीत घसरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरनं सांगतलं, हलाचं नाई. त्याच आठवड्यात बुढा गेला. खापरखेड्याले त्यानं कोळसा उचलला, मी विटा वाहल्या. दोन लेकरं गेली, त्याइले माती आम्ही दोघांनी दिली. म्हणून मनात एकच होतं, याले माह्या हातची माती पडली पायजे.

पास्टर म्हणे, "आजी, तुमच्यासाठी लाईव्ह लावतो." चर्चमधली एक बाई मोबाईल धरून कब्रीपाशी उभी राहिली.

सुनेनं इकडं मोबाईल माह्या पोटावर ठेवला. त्याच्यात कडुनिंबाची सावली हालून राहिली होती, मंधातच थांबे. सारे पाण्याखाली उभे असल्यावानी दिसे. गीत म्हणतानी ओठ आंधी हाले, आवाज मांगून ये. मले वाटे, मीच कुठं दूर निजली आन हे सारे मले पाहून राहिले.

"घरच्याइनं माती द्या," पास्टर म्हणे.

मी सुनेले म्हटलं, "कुंडीतली आन वं."

"आई, मोबाईलात थोडी जाते माती!"

काकू म्हणे, "आन वं बाई. पैसे जाते मोबाईलातून, मंग मातीच काहून नाई जाणार?"

तशातही सुनेले हसू आलं. डोळे पुसत पुसत तिनं माती आनली. मी मूठ धरली आन मोबाईलवर हळूहळू सोडली. पेटी अर्धी दिसे, मंग कोपरा, मंग काहीच नाई. मातीखालून गीत ऐकू ये. मले वाटलं, पोचली. खरंच वाटलं.

सुनेनं माती पुसली तं बोट कुठं लागलं कोण जाणे, लाईव्ह बंद. पुन्हा लागलं तवा तिथं ढिगारा झाला होता, मानसं फुलं ठेवून राहिले होते. माही माती चादरीवरच. काकू चादर झटकाले लागली. मी म्हटलं, "राहू दे."

मी रडली नाई. पास्टरनं तो व्हिडिओ ग्रुपवर ठेवला. मी पाहतो कधीमधी. सारं दिसते, माहा हात तेवढा नाई दिसत.

तं बाबाहो, लाईव्ह लावा, चांगलं आहे. पण घरात कोणी खाटेवर असन, तं कब्रस्तानात जायच्या आंधी तिच्या हातून मूठभर माती घ्या, आन सोबत घेऊन जाजा.