शमीमच्या शेवटच्या दोन फेऱ्या

सनाचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. सना ही माझ्या मैत्रिणीची, शमीमची मुलगी. बहारीनमध्येच जन्मली आणि शिकली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. मी तिची आंटी. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, “मावशी, अम्मी गेली.” चार महिन्यांचं आजारपण होतं, कल्पना होतीच. आणि खरं सांगते, मनात पहिल्यांदा शमीमचाच आवाज आला, ‘बघ मेलीला. मराठी बोलायला हिला माझं मरण लागलं.’

बहारीनच्या नईम भागातल्या एका जुन्या इमारतीत शमीम दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. ती दापोलीकडची, मी संगमेश्वरची. तिचे यजमान अन्वरभाई मनामात एका दुकानात क्लार्क. शाळेत असताना शमीम धावण्यात जिल्ह्यापर्यंत गेली होती, हे ती भाजी निवडताना सांगायची आणि मी हूं हूं करायचे. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी तिचा निकाह झाला आणि धावणं, शिकणं दोन्ही तिथेच थांबलं. मग सना बारावी झाली. तिचा कॉलेजचा फॉर्म भरायला शमीम सोबत गेली आणि दोन फॉर्म भरून आली. वय त्रेचाळीस. सनानं दोन दिवस जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी तह झाला: “अम्मी, प्लीज, डोन्ट टॉक टू मी इन कॉलेज.” शमीमनं तो तह इमानानं पाळला. कॅन्टीनमध्ये मुलगी समोरून आली तरी ही भिंतीवरची नोटीस वाचायची. फक्त एकदा पंचाईत झाली. एका मैत्रिणीनं सनाला विचारलं, त्या कोपऱ्यातल्या आंटीच्या डब्यात रोज तुझ्यासारखंच जेवण कसं काय असतं?

त्याच थंडीत आखाती देशांतल्या कॉलेजांच्या मैदानी स्पर्धा बहारीनला होत्या. सनाचं नाव शंभर मीटरला आणि रिलेला. लांब पल्ल्याला धावणारी त्यांच्याकडे एकच मुलगी होती, ती सुट्टीला गावी गेली आणि साखरपुडा करून तिथेच राहिली. सांघिक गुण हवे तर प्रत्येक शर्यतीत कॉलेजची कोणीतरी उतरायला हवी होती. खेळाच्या मॅडम वर्गावर्गातून विचारत फिरल्या. नियमात वयाची अट नव्हती. शमीमनं हात वर केला आणि पंधराशे, तीन हजार, पाच हजार अशा तिन्ही शर्यतींत नाव दिलं.

तयारीचे सहा आठवडे मी तिची कोच होते. म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर ती धावायची आणि मी बाकावर मोबाइल घेऊन वेळ मोजायचे. शेंगदाणे खाताना बटण दाबायचं राहून जायचं. मग मी अंदाजानं वेळ सांगायचे, दर वेळी आदल्या दिवसापेक्षा थोडी कमी. ती खूश व्हायची. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मला राहवलं नाही, कबूल केलं. ती म्हणाली, “मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण तुला बरं वाटत होतं ना.”

पहिल्या दिवशी पंधराशे मीटर. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅकपँट, डोक्याला घट्ट स्कार्फ आणि पायात सनाचे शाळेतले पीटीचे बूट. पहिली फेरी ती सगळ्यांच्या पुढे. मी उभी राहून टाळ्या पिटल्या. नंतर एकेक मुलगी तिला मागे टाकत गेली आणि प्रत्येकीला ही म्हणत होती, “यल्ला बेटा, यल्ला,” म्हणजे चल, पळ. शेवटची आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन हजारात नाडी सुटली, तर ही ट्रॅकच्या कडेला मांडी घालून बसली, दोन गाठी मारल्या, ओढून बघितल्या, मग उठली. पुन्हा शेवटची. सना वरच्या पायरीवर मैत्रिणींत बसली होती, कानात इयरफोन, नजर दुसरीकडे.

संध्याकाळी पाच हजार. साडेबारा फेऱ्या, सुरुवातीला अर्धी. एका मुलीनं निम्म्यात सोडलं. बाकीच्या शमीमला दोनदा, काही तर तीनदा ओलांडून गेल्या. सगळ्यांची शर्यत संपली आणि शमीम रेषेवर आली, तसा एका पंचानं हात हलवला, “खलास मॅडम, खलास.” बाजूला बक्षिसांचं टेबल मांडायला सुरुवातही झाली होती. शमीम थांबली नाही, जागच्या जागी पळत राहिली आणि म्हणाली, “मफी खलास, नाही संपली. दोन राहिल्या.” पंच म्हणाला, संपली. ही म्हणाली, दोन. त्यानं वही चाळली. तिच्या फेऱ्या मोजणारा माणूस चहाला गेला होता. प्रेक्षकांत हशा पिकला. मीही मोजल्या नव्हत्या. पंचानं वैतागून विचारलं, हिच्या फेऱ्या कोणी मोजल्यात का?

वरच्या पायरीवरून सना उठली. इयरफोन काढून, मैत्रिणींच्या पायांवरून वाट काढत खाली आली आणि पंचासमोर डावा तळहात धरला. पेनानं काढलेल्या दहा रेघा होत्या. “टेन, आफ्टर द फर्स्ट हाफ. शी इज राइट. टू मोअर.” मग, का कोण जाणे, जरा मोठ्यानं म्हणाली, “शी इज माय मदर.”

शमीमनं ऐकलं की नाही, कळलं नाही. परवानगी मिळताच ती निघाली होती. रिकाम्या ट्रॅकवर एकटी... टेबल मांडणारे हातातल्या खुर्च्या घेऊन बघत उभे राहिले. सना आतल्या गवतावरून तिच्या बाजूनं चालत, मधेच पळत होती आणि तिला मराठीत नाही, इंग्रजीतच ओरडत होती. शमीम पोहोचली, सहावी आली, सहाव्याला एक गुण होता. रात्री जेवताना मी विचारलं, तो माणूस सोडत होता तर कशाला वाद घातलास? ती म्हणाली, “एक कॉलेज अर्धवट टाकून झालंय माझं. आणखी काय काय टाकू?” ते कॉलेज तिनं पूर्ण केलं. स्टॅटिस्टिक्सला तीनदा बसली. सना आधी पदवीधर झाली आणि मग रोज संध्याकाळी आईला शिकवायला बसायची. त्या घरातलं भांडण मला वर ऐकू यायचं.

धावणं सुटल्यावर आम्ही दोघी रोज चालायला जायचो. समुद्राकाठचा रस्ता जिथे संपतो तिथे लोखंडी कठडा आहे. मी दहा पावलं आधीच वळायचे. शमीम कठड्याला हात लावल्याशिवाय वळायची नाही, आणि मला मागून हाक मारायची, “सुनीता, राहिलं तुझं.” सहा वर्षांत मी एकदाही परत गेले नाही. गेल्या आठवड्यात एकटीच गेले, सवयीनं दहा पावलं आधी वळले, बरीच पुढे आले आणि थांबले. परत गेले. तिथे एक केरळी बाई मुलाला घेऊन उभी होती. तिनं हिंदीत विचारलं, काही पडलं का? मी म्हटलं, नाही, राहिलं होतं. कठडा दिवसभराच्या उन्हानं असा तापला होता की बोटं पोळली. मग शमीमच्या वाटचा दुसरा हात लावला आणि घरी आले.