हनुवटीखालची गाठ

आमच्या ताजिकिस्तानात बाई कशी आहे ते तिच्या रुमालाच्या गाठीवरून ठरतं. गाठ मानेमागे असली तर बाई आपली. हनुवटीखाली आली की ती परकी, अरबांच्या नादी लागलेली. खुदा तोच, नमाज तोच, पण गाठ चार बोटं पुढे सरकली की साहेबलोकांचं पित्त खवळतं.

सदबर्ग आपा आमच्या प्रसूतिगृहातली सुईण. एकतीस वर्षांत अर्धं गाव तिच्या हातांवर जन्मलं. नवरा गेल्यावर तिने गाठ पुढे घेतली ती कायमचीच. कामावर गाठ मागेच हवी असं वरून फर्मान आलं तेव्हा दारात उभं राहून गाठी तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी मुख्य परिचारिका. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, आत आलीस की मागे बांध, घरी पुढे बांध, कोण बघतंय? आमचे प्रमुख डॉक्टर नुसरतुल्लोंनी तर गळा झाकायची सूट मिळावी म्हणून घशाच्या आजाराचा दाखला देऊ केला. माणूस वाईट नाही, फक्त खुर्चीला चिकटलेला आहे.

"घसा माझा ठणठणीत आहे," आपा म्हणाली. "खोटं कशाला लिहिता?"

ती घरी बसली. तिने ज्यांची पोरं हातात झेलली त्याच बाया बाजारात तिला कावळीण म्हणू लागल्या. मी ऐकायचे आणि कांदे निवडत राहायचे. लाज वाटायची, पण नोकरीही हवी होती.

जूनमध्ये माझी मुलगी नोझी बाळंतपणात अडली. बाळ पायाळू, शस्त्रक्रियेचे डॉक्टर जिल्ह्याला गेलेले, आणि प्रसूतिगृहात होती ती नवी डॉक्टरीण रडकुंडीला आलेली. मी धावत आपाचं घर गाठलं. ती जर्दाळू वाळत घालत होती. हात धुऊन तशीच निघाली.

दारात पहारेकऱ्याने अडवलं. गाठ मागे घ्या, नाहीतर आत सोडणार नाही. हे त्याला मीच शिकवलं होतं. मी त्याला समजावलं, दटावलं, पण त्यालाही घरी चार तोंडं होती. आतून नोझीचं ओरडणं ऐकू येत होतं.

मी आपाचे हात धरले. "एकदाच, आपा. माझ्या पोरीसाठी."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाठ सोडली, मागे बांधली आणि उघड्या मानेने आत गेली. पोरगी वाचली, नातूही वाचला.

नातू तिच्या हातात असतानाच डॉक्टर नुसरतुल्लोंनी फोटो काढला. तिचे दोन्ही हात गुंतलेले, तोंड झाकणार कशाने? सोमवारी तो फोटो दर्शनी फळ्यावर लागला, खाली 'राष्ट्रीय पोशाखातली आदर्श सुईण' असं लिहून. नोकरी परत मिळाली. ज्या बायांबरोबर ती कुराण वाचायला बसायची त्यांनी तिला दार उघडलं नाही. इतकी वर्षं सोंग केलंस, असं आतूनच सांगितलं.

आता ती रोज कामावर येते, गाठ मागे बांधून. कोणी टोमणा मारत नाही. मला हवं होतं ते सगळं झालं.

परवा दुपारची अजान होऊन गेली तरी ती उठेना. मी म्हटलं, "आपा, नमाजाची वेळ टळतेय. जा, मी बघते इथलं."

"सोडलं ते," ती म्हणाली, आणि कात्र्या उकळायला टाकू लागली.