वाटीभर पाणी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी माठ भरत होते. ह्यांनीच केला, दवाखान्यातून; डायलिसिस चालू असतानाच गेली म्हणाले. माठ अर्धा तसाच सोडून मी ओट्यापाशी खाली बसले…

अक्का माझी मोठी बहीण. धुळ्याकडच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका म्हणून तिचा जन्म गेला. तिथल्या बाया पहाटेच कापूस वेचायला जात, लेकरं थोरल्यांच्या ताटात जेवत, आणि तान्ह्याच्या पोटात किती गेलं ते कुणालाच कळत नसे. म्हणून अक्का घरोघरी मागे लागून लेकराची वेगळी वाटी करायला लावी. वर धुळ्याच्या भांड्यांच्या दुकानातून तिच्यावर लेकराचं नाव घालून आणी. "पोरनी वाटीले कोन्हीच हात लावानं नही," असा दम भरी. सासवासुद्धा तिला टरकून असत.

मग तिच्याच किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणून पिंप्राळ्याला माझ्याकडे आली ती अडकलीच. गावात तिच्या अंगणवाडीतली पायल नावाची पोर मागे राहिली होती. वर्षाची झाली तरी आधाराशिवाय बसत नव्हती. तिच्या नावाची वाटी अक्काच्या पिशवीतच राहिलेली. रोज गावाला जायचा हट्ट, रोज माझं नाही. "तुम्ही बठ्ठासनी माले आठे कोंडी टाकं," म्हणायची. खोटं नव्हतं ते. पण त्याच दोन खोल्यांत मीही कोंडलेली होते, हे तिला कोण सांगणार! डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून तिला पाणीसुद्धा मोजून, वाटीनं. लेकरांना आणखी एक घास खा म्हणून विनवणारी ही बाई भर उन्हाळ्यात माझ्यापुढे वाटी धरी, "अजून एक दी दे ना व…" आणि मी तोंड फिरवी. फार राग यायचा. कुणाचा, ते मात्र कळायचं नाही.

एका दुपारी पायलला कडेवर घेऊन तिची आई सुनीता आली. मी मऊ खिचडी केली, वर तूप, दाण्याचं कूट. अक्कानं पिशवीतली वाटी काढली. पोर आपली आपण फरशीवर बसली आणि खातच राहिली.

"अक्का, मन्ही पोर आते जेवस," सुनीता म्हणाली.

अक्का कितीतरी वेळ त्या रिकाम्या वाटीकडे बघत होती. वाटी पायलबरोबर गेली. मायलेकी गेल्यावर अक्का मला म्हणाली, "मन्ही पानीनी वाटीवर मन्हं नाव टाकी आन." मी हसले, पण आणलं टाकून.

अक्का गेल्यावरही ती वाटी माठावरच राहिली. परवा हे उन्हातून आले आणि तीच उचलली. "अक्कानी वाटीले हात लावानं नही!" मी ओरडलेच. ह्यांनी ती पालथी ठेवली, पेला घेतला आणि पोटभर पाणी प्यायले.