घाऱ्या डोळ्यांचा विंग्रज

रामकिसनचे डोळे घारे. यात त्याचा काहीच गुन्हा नव्हता, ते आजीकडून आले होते. पण चकलांब्याच्या पल्याडच्या त्यांच्या वस्तीवरच्या शाळेत पंधरा ऑगस्टला मिठाच्या सत्याग्रहाचा देखावा व्हायचा, आणि त्यासाठी इंग्रज लागायचा. तसले डोळे पंचक्रोशीत एकाचेच. ऐन पंचविशीत रामकिसनच्या अंगावर खाकी चढली ती साठी आली तरी उतरली नाही. लोक त्याला नावानं हाक मारीनासे झाले. 'विंग्रज' म्हणायचे. पोस्टमनसुद्धा.

बरं, इंग्रज तरी कसला! ज्याच्या 'हाड' म्हणण्यानं घरातलं कुत्रं जागचं हलत नाही. बैलाला तो चाबूक नुसता दाखवायचा, आणि बैल बघून न बघितल्यासारखं करायचा. बायको, सुंदरबाई, तर तोंडावर म्हणायची, "तुमचं राज्य असतं तर सत्याग्रह लागलाच नसता. कुणी नुस्तं खेकसलं असतं तरी तुमी गाठोडं बांधून निघाला असता." रामकिसनला हे पटायचं. सुरुवातीची कितीतरी वर्षं तो सत्याग्रह्यांवर "गो बॅक! गो बॅक!" असा ओरडायचा. ते आपल्या लोकांनी इंग्रजाला म्हणायचं असतं, हे त्याला फार उशिरा कळलं. तोवर सगळ्या गावानं त्यावर टाळ्या वाजवल्या होत्या.

बीड जिल्ह्यात समुद्र नाही, म्हणून मैदानात शेततळ्याचा निळा कागद अंथरायचा. त्याच्या काठाला मिठाचा ढीग. गेल्या साली मिठाचा कायदा पहिल्यांदा मोडला तो तुळजाबाईच्या शेळीनं, पण ते असो. पांढऱ्या टोप्या घातलेली पोरं ओळीनं मिठाकडं यायची, रामकिसननं काठी हाणायची, ओळ पडायची, मागची ओळ पुढं यायची. हात कुणी उचलायचा नाही. काठी म्हणजे कडब्याचं ताट, ज्वारीचा वाळका धांडा, वरून खाकी कागद गुंडाळलेला. पायाजवळ जमिनीवर आपटलं की कट्टकन मोडायचं. आवाज खणखणीत, लागायचं कुणालाच नाही. ही युक्ती रामकिसनची स्वतःची, आणि तिचा त्याला अभिमान होता.

औंदा त्याची नात संस्कृती शाळेतून फुगूनच घरी आली. तिला पहिल्या ओळीत घेतलं होतं आणि पोरं चिडवत होती, विंग्रजाची नात म्हणून.

"आजोबा, तुमी एकदा बी आपल्या बाजूनं कावून न्हाई होत?"

हा प्रश्न रामकिसनला स्वतःलाही दर पंधरा ऑगस्टला पडायचा, तोंडावरची पावडर धुताना. एवढी वर्षं नुसत्या दुसऱ्या बाजूलाच उभं राहायचं म्हणजे काय! एकदा तरी ती टोपी आपल्या डोक्यावर यावी असं त्याला फार वाटायचं. आता तर नातीनंच विचारलं होतं. तो देखावा बसवणाऱ्या राधाकिशन सरांकडं गेला.

"सर, औंदा मला टोपी द्या. पोरीसंगं ओळीत येतो."

"काका, टोपी कुणाच्याबी डोक्यावर बसती," सर म्हणाले. "इंग्रज कुठून आणू मी? अन् तुमी लई भारी मारता."

रामकिसन "बरं" म्हणून परत आला. सविनय कायदेभंगातला विनय त्याच्याकडं भरपूर होता, भंग तेवढा जमत नव्हता.

पंधरा ऑगस्टला ऊन तापलं होतं. पावडर घामानं ओघळत होती. राधाकिशन सर माइकवर गरजले, "आणि पोलिसांनी निःशस्त्र सत्याग्रह्यांवर अमानुष लाठीमार केला!"

पहिली ओळ समोर आली. मधोमध संस्कृती, टोपी कानावर आलेली, शिकवल्याप्रमाणं सरळ त्याच्याकडं बघणारी. रामकिसननं काठी वर नेली. ती खाली येईना. काठी कडब्याची आहे, जमिनीवर पडणार आहे, हे सगळं त्याला ठाऊक होतं. तरी येईना. सरांनी लाठीमार परत एकदा जाहीर केला.

"आजोबा, मारा की," संस्कृती कुजबुजली. "मला पडायचंय."

"हान की बे, विंग्रजा!" पुढच्या खुर्चीतून विजयसिंह ओरडला. लाठीमार कसा करावा हे दरवर्षी तिथं बसून सांगणारा माणूस.

रामकिसननं काठी त्याच्यापुढं धरली. "घे. तू हान."

यात शौर्य काही नव्हतं, हात भरून आला होता इतकंच. विजयसिंह उठला, शर्ट नीट केला, काठी घेऊन दोन पावलं पुढं आला. संस्कृतीनं आता त्याच्याकडं बघितलं. विजयसिंह थांबला. "मला न्हाई जमायचं," असं पुटपुटत त्यानं काठी शेजारच्या भगवानरावांच्या हातात दिली. त्यांनी ती विंचू धरल्यासारखी पुढं सरकवली. अशी ती हातोहात फिरत पोस्टमनपर्यंत गेली, आणि त्यानं ती हळूच भुईवर ठेवून दिली.

"कुणीतरी काठी उचला हो!" सर माइकवरून विनवू लागले.

कुणीच उचलेना.

उन्हात उभं राहून रामकिसनच्या पायात गोळे आले होते, म्हणून तो ओळीसमोर खाली बसला. लोकांना वाटलं, सत्याग्रहालाच बसला. टाळ्या पडल्या. त्यानं कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

संस्कृतीनं त्याची हॅट काढली, आपली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. टोपी फारच लहान होती. "उठा," ती म्हणाली, "मीठ उचलायचंय."

ओळ निघाली. अडवायला कुणी नव्हतं. खाकी कपड्यातला रामकिसन लंगडत निळ्या कागदाशी पोचला, वाकून त्यानं चिमूटभर मीठ उचललं आणि सगळ्या गावादेखत लहान पोरासारखा रडू लागला.

"रडताय कावून?" संस्कृती म्हणाली. "जिंकलो की आपण."

रामकिसननं मान हलवली. आपण, असं म्हणाली होती ती.