झील

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. वय झालं की राग निवतो म्हणतात, माझा काही निवताना दिसत नाही. औरंगपुऱ्यात त्याचं वाद्यांचं दुकान आहे आणि वरच्या खोलीत आमच्या बँडच्या तालमी चालायच्या. ‘फंक आणि सोल’ असं तो पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लिहायचा. कीबोर्ड त्याचा, खोली त्याची, म्हणून शेवटचा शब्दही त्याचाच. तिथं मी नऊ वर्षं गायले.

गळा मला घरातून मिळाला. जयंतीच्या मांडवात माझ्या बापाची गायन पार्टी असायची. तो ओळ टाकायचा आणि आई नि मी मागून तिचं शेपूट उचलायचो, त्यानं स्वतः गाऊन शिकवलं तसं. त्याला बाप झील म्हणायचा. बँडमधलं पहिलं गाणं मी त्याला मोबाइलवर ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, “हे तर आपलंच हाय. एकानं हाक मारायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. नुसती पँट घातलीय.”

मला ते इतकं पटलं की बापाची झील मी जशीच्या तशी बँडमध्ये नेली. छातीतून काढलेली, खरखरीत, शेवटी जरा ओढून तोडलेली. मुख्य गायिका मी होते, आणि मागच्यांना झील द्यायला शिकवलं तेही मीच. लोक जेवण सोडून उठायचे.

मग मोठी हॉटेलं बोलवायला लागली. एक दिवस तो गोड आवाजात म्हणाला, “ताई, तुमचा आवाज लई रांगडा वाटतो तिथं. तुम्ही मागं उभ्या राहा. झील तुमच्यासारखी कुणाला जमत नाय.” पुढं त्यानं इंग्रजी शाळेतली एक गोरटेली मुलगी उभी केली. तिच्यावर माझा राग नाही, बिचारी सुरात गायची. राग आहे तो त्या ‘ताई’चा. आणि झील हा माझ्याच घरातला शब्द उचलून त्यानं मला मागं ढकललं.

तेव्हाच सोडायला हवं होतं. पण असं गाणं गाणारा दुसरा बँड मला शहरात माहीत नव्हता, आणि हा पुन्हा पुढं बोलावेल असं वाटायचं. मूर्ख होते.

एका रविवारी हॉटेलात दुपारच्या जेवणाला कार्यक्रम होता. मी चाल लावलेलं गाणं ती मुलगी गाणार होती. मी ठरवलं, आज झील द्यायचीच नाही. माझ्यावाचून गाणं अडतं की नाही ते एकदा दिसू दे सगळ्यांना.

तिनं ओळ टाकली. मी ओठ घट्ट मिटले. आणि स्पीकरमधून झील आली. खरखरीत, शेवटी ओढून तोडलेली. माझीच. आदल्या आठवड्यात सरावाला हवी म्हणून त्यानं ती माझ्याकडून वेगळी गाऊन रेकॉर्ड करून घेतली होती. आता तो एका बोटानं कीबोर्डवरचं बटण दाबत होता आणि दुसऱ्या हातानं मला टाळ्या धरायची खूण करत होता. मी टाळ्या धरल्या. माझ्या हातांची मला अजून लाज वाटते. समोर लोक जेवत होते, कुणाला काही कळलं नाही.

स्टेजवरून उतरल्यावर तो म्हणाला, “तब्येत बरी नव्हती का ताई? घेतलं सांभाळून.”

“पुसून टाक तो आवाज.”

“कशाला? लई चांगला आलाय.”

मी बँड सोडला. त्यानंतर गायलेच नाही. छातीतून सूर काढायला गेले की त्याचं बोट आठवतं आणि मी तोंड मिटते.

मागच्या वर्षी बाप गेला. त्याचं गाणं आमच्यापैकी कुणी कधी रेकॉर्ड केलं नव्हतं. आई एकदा म्हणाली, त्यांची झील ऐकावी वाटते. मी तोंड उघडलं, नुसती हवा आली. त्या आठवड्यात मी औरंगपुऱ्यात त्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेले. ते बटण एकदा दाब, माझ्या मोबाइलवर घेऊ दे, एवढंच मागायचं होतं.

काउंटरमागून तो हसून म्हणाला, “या, ताई.”

मी तशीच परत फिरले. आईला सांगितलं, दुकान बंद होतं.